अरूपाचे रूप : देवप्रतिमेविषयी ग्रीकांचा दीर्घ वाद

ग्रीक लोकांनी जगाला काय दिले असे विचारले असता बहुधा दोन गोष्टी सांगितल्या जातात : संगमरवर आणि कांसे यांतून साकारलेली देवदेवतांची देखणी रूपे, आणि कोणत्याही समजुतीला कारण विचारण्याचे धाडस करणारी तर्कबुद्धी. दोन्ही एकाच समाजाच्या असल्याने त्या शेजारी शेजारी सुखाने नांदल्या असतील असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्यात फार जुना तंटा होता. देवाला रूप देता येते काय, दिलेले रूप देवाचे असते की घडवणाऱ्याचे, आणि त्या रूपापुढे नतमस्तक होणारा माणूस नेमका कोणापुढे नत होतो, हे प्रश्न इ.स.पू. सहाव्या शतकात आशिया मायनरमधील ग्रीक नगरांतून आलेल्या विचारवंतांनी प्रथम स्पष्टपणे विचारले आणि त्यांचा एक निर्णायक निकाल इ.स. ८४३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे लागला. या तेराशेहून अधिक वर्षांत ग्रीकांचे देव बदलले, देवळांची चर्च झाली, यज्ञवेद्या विझल्या, सत्ता रोमन सम्राटांच्या हाती गेली. वाद मात्र त्याच भाषेत आणि बऱ्याच अंशी त्याच संज्ञांच्या आधारे चालू राहिला. ग्रीक परंपरेचे सातत्य रक्तात किंवा भूमीत शोधण्यापेक्षा या वादात शोधणे अधिक फलदायी आहे, आणि ख्रिस्ती ग्रीकांनी आपल्या पवित्र चित्रांचा बचाव अखेरीस ॲरिस्टॉटलच्या तर्कशास्त्राने केला ही घटना त्या सातत्याचा सर्वांत भक्कम पुरावा आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

प्राचीन ग्रीक धर्माला सर्वमान्य धर्मग्रंथ नव्हता, संस्थापक नव्हता आणि सर्व नगरांना बांधून ठेवणारा पुरोहितवर्गही नव्हता. होती ती वेदी, तिच्यावरचा बळी, ठरलेले उत्सव आणि देवळातील मूर्ती. मूर्तीविषयीची भावना मात्र एकसारखी नव्हती, हे अथेन्सच्या एकाच टेकडीवरील दोन अथीनांकडे पाहिल्यास ध्यानात येते. नगररक्षक अथीनेची जुनी मूर्ती ऑलिव्हच्या लाकडाची होती आणि ती आकाशातून पडली अशी श्रद्धा होती. पानाथिनाईया या महोत्सवात कुमारिकांनी विणलेले वस्त्र अर्पण होत असे ते या ओबडधोबड लाकडी देवीला. थार्गेलिऑन महिन्यातील प्लिंटेरिया या सणाच्या दिवशी प्राक्सिएर्गिदाय नावाच्या घराण्यातील मंडळी तिचे अलंकार आणि वस्त्रे उतरवून तिला झाकून ठेवीत, आणि देवी अशी झाकलेली असताना कोणतेही महत्त्वाचे काम हाती घेणे अशुभ मानले जाई. अल्किबियाडीस हा सेनानी इ.स.पू. ४०७ च्या सुमारास विजयी होऊन अथेन्सला परतला तो नेमका याच दिवशी, आणि देवीने त्याच्यापासून तोंड लपवले असा अर्थ पुष्कळांनी लावला. याउलट पार्थेनॉनमधील फिडियसने घडवलेली, इ.स.पू. ४३८ मध्ये स्थापन झालेली सोन्याची आणि हस्तिदंताची भव्य अथीना डोळे दिपवणारी होती, पण तिच्या अंगावरचे सुमारे चाळीस टॅलंट वजनाचे, म्हणजे साधारण एक हजार किलो सोने काढता येण्याजोगे बसवलेले होते. पेलोपोनीशियन युद्धाच्या प्रारंभी पेरिक्लीसने नागरिकांना राज्याच्या साधनसंपत्तीचा हिशोब दिला, त्यात या सोन्याचाही समावेश केला आणि वेळ पडल्यास ते वापरता येईल, मात्र नंतर तेवढेच परत करावे लागेल, असे बजावले; ही हकीकत थ्युसिडिडीस या इतिहासकाराने नोंदवली आहे. एका अथीनेला वस्त्र नसताना पाहणे निषिद्ध होते, तर दुसरीचे वस्त्र युद्धखर्चासाठी उतरवण्याची तरतूद होती. आणि एकच नगर दोघींनाही देवी म्हणत होते.

या व्यवहारावर पहिला मोठा आघात केला तो कोलोफॉनच्या झेनोफनीस या कवी-तत्त्वज्ञाने. त्याच्या रचनांचे तुकडेच आज उरले आहेत, पण त्यांतला युक्तिवाद पुरेसा स्पष्ट आहे. इथिओपियाचे लोक आपले देव काळे आणि नकटे कल्पितात, थ्रेसचे लोक निळ्या डोळ्यांचे आणि तांबड्या केसांचे कल्पितात, आणि बैल, घोडे, सिंह यांना हात असते तर त्यांनीही आपापल्यासारखेच देव रंगवले असते, असे तो म्हणतो. देव एकच असून तो देहाने वा विचाराने मर्त्य माणसासारखा नाही, हा त्याचा निष्कर्ष होता. त्यानंतरच्या पिढीतील एफिससचा हेराक्लायटस अधिक कडक शब्दांत बोलला : मूर्तींपुढे प्रार्थना करणे म्हणजे घराच्या भिंतींशी संभाषण करण्यासारखे आहे. या दोघांचा मुद्दा मात्र एक नाही, आणि हा भेद पुढील सर्व चर्चेत महत्त्वाचा ठरतो. झेनोफनीसची हरकत सादृश्यावर आहे : जे रूप दिले गेले ते देवासारखे नाही. हेराक्लायटसची हरकत वस्तूवर आहे : जी वस्तू समोर आहे ती ऐकू शकत नाही. पहिल्या हरकतीला उत्तर द्यायचे तर देवाचे रूप माणसाला कळू शकते हे दाखवावे लागते; दुसरीला उत्तर द्यायचे तर वंदन त्या वस्तूपाशी थांबत नाही हे सिद्ध करावे लागते.

प्लेटो या प्रश्नावर दोन ठिकाणी दोन प्रकारे बोलतो, आणि त्याच्या टीकाकारांनी बहुधा पहिलेच बोलणे लक्षात ठेवले आहे. ‘रिपब्लिक’च्या दहाव्या भागात चित्रकाराची कृती सत्यापासून तिसऱ्या पायरीवर उभी आहे : प्रथम वस्तूचे शाश्वत आदिरूप, मग सुताराने घडवलेली वस्तू, मग त्या वस्तूचे केवळ दिसणे उतरवणारे चित्र. ‘लॉज’ या उत्तरायुष्यातील ग्रंथात मात्र तो सांगतो की काही देव, म्हणजे आकाशातील तेजोगोल, आपल्याला प्रत्यक्ष दिसतात, आणि ज्यांच्या आपण प्रतिमा उभारतो त्या प्रतिमा निर्जीव असल्या तरी त्यांच्या पूजेने सजीव देव प्रसन्न होतात असे आपण मानतो. पूजा एका ठिकाणी होते आणि पोचते दुसऱ्या ठिकाणी, या कल्पनेचे बीज येथे आहे. प्लेटोने ते पुढे वाढवले नाही. घरातील वृद्ध मातापित्यांचा मान राखणे हे कोणत्याही मूर्तीच्या पूजेपेक्षा मोठे, असे सांगण्याच्या ओघात ते येऊन जाते. तरीही मूर्तिभंजक तत्त्वज्ञान आणि मूर्तिपूजक समाज असे सरळ दोन तट पाडणाऱ्यांना हा उतारा अडचणीचा ठरावा.

देवप्रतिमेचा ग्रीकांनी केलेला सर्वांत सहृदय बचाव एका विशिष्ट मूर्तीभोवती गुंफला गेला. ती मूर्ती म्हणजे ऑलिम्पिया येथील झ्यूस, इ.स.पू. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात फिडियसने सोने आणि हस्तिदंत यांत घडवलेली, सिंहासनावर बसलेली, सुमारे बारा मीटर उंचीची. स्ट्रॅबो या भूगोलकाराने नोंदवले आहे की हा झ्यूस उठून उभा राहिला तर देवळाचे छप्परच उडेल असे पाहणाऱ्याला वाटे. पॉसेनियस या प्रवासलेखकाने मूर्तीपुढच्या जमिनीचे वर्णन केले आहे : तिथली फरशी काळ्या दगडाची असून तिला पांढऱ्या संगमरवराची उंच कड होती आणि तीत तेल साठवलेले असे, कारण ऑलिम्पियाच्या दमट, दलदलीच्या हवेत हस्तिदंत टिकवायला तेल लागे. १९५० च्या दशकातील उत्खननात देवळाच्या पश्चिमेस फिडियसची कार्यशाळा सापडली. तिच्यात वस्त्रांच्या चुण्या घडवण्यासाठी वापरले जाणारे भाजक्या मातीचे साचे मिळाले, हस्तिदंताचे अवशेष मिळाले, आणि बुडाशी ‘मी फिडियसचा’ अशा अर्थाची अक्षरे कोरलेला एक साधा काळा पेलाही मिळाला. देव घडवण्याचे काम किती मातीचे, तेलाचे आणि हातांचे असते याची कल्पना या जागेइतकी क्वचितच कुठे येत असेल. इ.स. पाचव्या शतकात याच कार्यशाळेच्या भिंतींच्या आत ख्रिस्ती चर्च उभे राहिले.

या मूर्तीसमोर जमलेल्या लोकांना उद्देशून डिओ क्रिसोस्टोम या वक्त्याने इ.स. पहिल्या शतकाच्या अखेरीस किंवा दुसऱ्याच्या प्रारंभी एक दीर्घ भाषण केले, आणि त्यात फिडियसलाच जणू न्यायासनापुढे उभे करून त्याची साक्ष काढली. आरोप झेनोफनीसच्याच वळणाचा आहे : ज्याला कोणी पाहिले नाही त्याला माणसाचे शरीर देण्याचा अधिकार शिल्पकाराला कोणी दिला? डिओचा फिडियस उत्तर देतो की बुद्धी आणि प्रज्ञा यांची प्रतिमा कोणालाच घडवता येत नाही. परंतु ज्या देहात प्रज्ञा वसते असे आपल्या अनुभवास येते तो मानवी देह आहे, म्हणून अदृश्याचा निर्देश दृश्याने करायचा तर त्याच पात्राचा आश्रय घ्यावा लागतो. त्यापुढे तो एक गोष्ट सांगतो जी तर्काच्या पलीकडची आहे. आईबापांपासून ताटातूट झालेली लहान मुले स्वप्नात त्यांच्याकडे हात पसरतात. माणसांनाही देवांची तशीच ओढ असते, त्यांच्या जवळ जावे, त्यांना स्पर्श करावा, त्यांच्या गळ्यात हार घालावा असे वाटते, आणि आकाशातील ग्रहगोलांना दुरून केलेल्या नमस्काराने ती ओढ शमत नाही. प्रतिमा अचूक आहे असा दावा डिओ करत नाही. प्रतिमेवाचून माणसाला राहवत नाही, आणि हे न राहवणे ही लाजिरवाणी गोष्ट नाही, एवढेच तो म्हणतो. प्रतिमेच्या बाजूने लिहिल्या गेलेल्या पुढील सर्व पांडित्यपूर्ण ग्रंथांत इतके माणुसकीचे समर्थन पुन्हा सापडत नाही.

तिसऱ्या शतकात प्लॉटिनसने, म्हणजे प्लेटोच्या परंपरेला नवे रूप देणाऱ्या तत्त्वज्ञाने, त्याच मूर्तीचा दाखला देऊन वेगळीच बाजू मांडली. फिडियसने झ्यूस घडवला तो कोणत्याही दृश्य नमुन्यावरून नव्हे, तर झ्यूसने आपल्या डोळ्यांना दिसायचे ठरवले असते तर तो कसा दिसला असता हे मनाने जाणून, असे त्याचे म्हणणे आहे. यामुळे प्लेटोची उतरंड उलटते : कलावंत छायेची छाया काढत नसून ज्या उगमातून वस्तू निर्माण होतात तिथवर स्वतः पोचतो. पण हाच प्लॉटिनस स्वतःचे चित्र काढू द्यायला तयार नव्हता. निसर्गाने आपल्यावर चढवलेली ही देहरूपी प्रतिमा वागवावी लागते तेवढे पुरे नाही काय, मग प्रतिमेची प्रतिमा कशाला, असे त्याने अमेलियस या शिष्याला सुनावले. अमेलियसने कार्टेरियस नावाच्या चित्रकाराला गुरूच्या प्रवचनांना आणून बसवले, त्याने चेहरा स्मरणात साठवला आणि प्लॉटिनसला नकळत चित्र तयार झाले. पॉर्फिरीने लिहिलेल्या गुरुचरित्राची सुरुवातच या प्रसंगाने होते. शिष्यांची ओढ आणि गुरूचा नकार यांत कोण बरोबर होते हे पॉर्फिरी सांगत नाही.

हा वाद भूमध्य समुद्राभोवतीच फिरत होता असे नाही. त्याचे धागे भारतापर्यंत येतात. बॅक्ट्रियाचा ग्रीक राजा अगॅथोक्लीस याने इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या प्रारंभी पाडलेली चांदीची नाणी १९७० मध्ये अफगाणिस्तानातील ऐ-खानुम येथे सापडली, आणि त्यांवर चक्रधारी वासुदेव व नांगरधारी संकर्षण अंकित आहेत. या दोन देवतांच्या निश्चितपणे ओळखता येणाऱ्या प्रतिमांत त्या सर्वांत जुन्यांपैकी होत. त्याच शतकाच्या अखेरीस हेलिओडोरस हा तक्षशिलेचा ग्रीक दूत विदिशेजवळ बेसनगर येथे वासुदेवाप्रीत्यर्थ गरुडस्तंभ उभारतो आणि शिलालेखात स्वतःला भागवत म्हणवतो. बुद्धाला मानवी रूप ग्रीकांमुळे लाभले असे अल्फ्रेड फुशे या फ्रेंच विद्वानाने मांडले, तर आनंद कुमारस्वामींनी मथुरेच्या स्वतंत्र देशी परंपरेकडे बोट दाखवून त्यास विरोध केला. आजचे अभ्यासक एकाच उगमाचा आग्रह धरत नाहीत, आणि ते योग्यच आहे. महाराष्ट्रातील पुरावा तर अधिक विचार करायला लावणारा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहातील अनेक स्तंभ धेनुकाकट येथील यवनांनी दान दिल्याचे त्यांवरील लेख सांगतात. यवन हा शब्द मूळ ग्रीकांसाठीचा. हे दाते सगळेच वंशाने ग्रीक असतील असे नाही आणि त्यांची नावे बहुतांशी भारतीय धाटणीची आहेत. तथापि मानवी देवप्रतिमेशी ज्यांचे नाव कायमचे जोडले गेले त्या लोकांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्यांनी ज्या वास्तूला हातभार लावला, तिच्या गाभ्यात उपासनेचा विषय होता निराकार स्तूप.

ख्रिस्ती धर्माच्या आगमनाने वादाचे पक्ष बदलले. मोझेसच्या दुसऱ्या आज्ञेने कोरीव मूर्ती निषिद्ध ठरवली होती. पॉलने अथेन्समध्ये जे भाषण केल्याचे ‘प्रेषितांची कृत्ये’ या ग्रंथात सांगितले आहे त्यात देव सोने, रुपे वा दगड यांच्या घडणीसारखा नसतो हा विचार आहे, आणि तो झेनोफनीसलाही मान्य झाला असता. सम्राट थिओडोसियसने ३९१-९२ च्या सुमारास जुन्या देवळांतील पूजा बंद केली, पार्थेनॉन कालांतराने मेरीमातेचे चर्च झाले, आणि ऑलिम्पियाचा झ्यूस, परंपरेनुसार, कॉन्स्टँटिनोपलला नेला जाऊन तिथल्या एका आगीत नष्ट झाला. ‘हेलेन’, म्हणजे ग्रीक, हे नावच आता मूर्तिपूजक या अर्थाने वापरले जाऊ लागले आणि ग्रीक बोलणारे ख्रिस्ती स्वतःला रोमन म्हणवू लागले. आपल्या पूर्वजांचे नाव ज्यांनी निंदाव्यंजक ठरवले त्यांच्याच घरांत आणि चर्चमध्ये सहाव्या-सातव्या शतकांपर्यंत ख्रिस्त, मेरी आणि संत यांची लाकडी फळ्यांवर रंगवलेली चित्रे, म्हणजे आयकॉन, सर्वत्र दिसू लागली. लोक त्यांच्यापुढे दिवे लावत, धूप जाळत आणि त्यांचे चुंबन घेत.

७२६ मध्ये थेरा बेटाजवळ समुद्रात ज्वालामुखीचा मोठा उद्रेक झाला, अरबांच्या आक्रमणांनी कॉन्स्टँटिनोपलचे साम्राज्य आधीच खिळखिळे झाले होते, आणि देव रुष्ट झाला आहे तो या चित्रपूजेमुळे अशी सम्राट लिओ तिसरा याची धारणा बळावली. ७३० मध्ये चित्रांविरुद्ध अधिकृत धोरण जाहीर झाले आणि ते न मानणाऱ्या जर्मानोस या महाधर्माध्यक्षाला पद सोडावे लागले. लिओचा मुलगा कॉन्स्टंटाईन पाचवा याने ७५४ मध्ये हिएरिया येथे ३३८ बिशपांची परिषद भरवली. या चित्रविरोधकांना अडाणी विध्वंसक ठरवणे सोपे आहे, कारण त्यांचे ग्रंथ विजेत्यांनी नष्ट केले आणि त्यांचे म्हणणे आज मुख्यतः त्यांच्या खंडनासाठी उद्धृत केलेल्या उताऱ्यांतूनच वाचावे लागते. पण त्या उताऱ्यांत दिसणारी बुद्धी तल्लख आहे. त्यांचा पेच असा : ख्रिस्त एकाच वेळी देव आणि मनुष्य आहे, चित्रकाराने त्याचे देवत्वही रंगवले असे म्हणावे तर अमर्यादाला मर्यादेत कोंडल्याचा दोष येतो, आणि केवळ मनुष्यत्व रंगवले असे म्हणावे तर एका ख्रिस्ताचे दोन तुकडे केल्याचा दोष येतो. शिवाय खरी प्रतिमा तीच जी मूळाशी तत्त्वतः एकरूप असते, आणि अशी प्रतिमा एकच आहे : प्रभुभोजनातील भाकर आणि द्राक्षारस.

पहिले मोठे प्रत्युत्तर साम्राज्याबाहेरून आले. दमास्कसचा योहान हा अरब सत्तेखालील ख्रिस्ती घराण्यातला, ग्रीकमध्ये लिहिणारा साधू जेरुसलेमजवळच्या मार साबा मठात होता आणि सम्राटाचा हात तिथवर पोचत नव्हता. त्याचे म्हणणे असे की अशरीरी देवाचे चित्र काढता येत नाही हे खरेच आहे, परंतु देवाने स्वतः देह धारण केल्यावर परिस्थिती बदलली. जो दिसला, ज्याला माणसांनी स्पर्श केला, त्याचे दिसणे रंगवता येते, आणि जड पदार्थातूनच मानवाचा उद्धार झाला असल्याने जडाचा तिरस्कार करणे हाच अधर्म आहे. झेनोफनीसच्या हरकतीला ग्रीक जगाने दिलेले हे पहिले खरेखुरे ख्रिस्ती उत्तर : रूप माणसाने देवावर लादलेले नाही, देवाने ते स्वतः पत्करले. निर्गुण-सगुणाच्या चर्चेत मुरलेल्या मराठी वाचकाला या उत्तराचा पहिला भाग परिचित वाटेल. फरक असा की योहानाच्या दृष्टीने हे देहधारण इतिहासात एकदाच घडले आहे, आणि चित्राचा सारा अधिकार त्या एका घटनेवर अवलंबून आहे.

सम्राज्ञी आयरीनच्या काळात ७८७ मध्ये नायसिया येथे भरलेल्या परिषदेने चित्रांना पुन्हा मान्यता दिली आणि केवळ देवाला द्यावयाची उपासना व चित्रांना करावयाचे आदरपूर्वक वंदन यांत भेद केला. चौथ्या शतकातील बेसिल या धर्माचार्याचे एक वचन या परिषदेने आधारासाठी घेतले; प्रतिमेला दिलेला मान मूळापर्यंत जातो, असा त्याचा आशय आहे. प्लेटोच्या ‘लॉज’मधील बीज येथे धर्मसिद्धांत होऊन उगवले. हिएरियाच्या बिशपांनी अशीही हरकत घेतली होती की या चित्रांना पवित्र करणारी कोणतीही प्रार्थना म्हटली जात नाही, मग ती रंगाऱ्याच्या हातून उतरलेल्या सामान्य वस्तूंहून वेगळी कशी? भारतीय परंपरेत या प्रश्नाचे उत्तर प्राणप्रतिष्ठा हे असते. नायसियाने अशा विधीची गरजच नाकारली : क्रूसाच्या आकारासाठीही वेगळी प्रार्थना नसते, नाम आणि रूप यांनीच चित्र पवित्र होते.

तरीही हेराक्लायटसची हरकत, म्हणजे समोरच्या वस्तूविषयीची हरकत, पुरती निकालात निघाली नव्हती. ८१५ मध्ये सम्राट लिओ पाचवा याने चित्रबंदी पुन्हा आणली, आणि पदच्युत महाधर्माध्यक्ष निकेफोरस व स्टुडियस मठाचा प्रमुख थिओडोर या दोघांनी हद्दपारीत बसून जे लिहिले त्यात या वादाचा तात्त्विक कळस आहे. ॲरिस्टॉटलने ‘कॅटेगरीज’ या ग्रंथात अस्तित्वाचे जे प्रकार सांगितले त्यांत एक प्रकार सापेक्ष वस्तूंचा आहे, म्हणजे ज्यांचे असणेच दुसऱ्या कशाच्या तरी संदर्भात असते अशांचा : दुप्पट ही निम्म्याच्या संदर्भात, धनी हा दासाच्या संदर्भात. निकेफोरसने प्रतिमेला या वर्गात बसवले. प्रतिमा ही नेहमी कशाची तरी प्रतिमा असते. ती मूळाशी द्रव्याने एक नसते आणि असावी असा आग्रहच चुकीचा, कारण द्रव्यानेही एक झाली तर ती प्रतिमा उरणार नाही, मूळच होईल. तिचे मूळाशी असलेले ऐक्य सादृश्याचे आणि नामाचे आहे, आणि मूळ दृष्टीआड झाले तरी बाप वारल्यावरही मुलगा त्याचा मुलगाच राहतो तसा हा संबंध टिकतो. या एका विचाराने हिएरियाचा पेच सुटतो. चित्रकार देवत्व किंवा मनुष्यत्व रंगवत नाही. तो एका व्यक्तीचे दिसणे रंगवतो. झिजून ओळखू न येणारे चित्र किंवा मोडलेला लाकडी क्रूस जाळायला हरकत नसावी, कारण लाकूड कधीच पूज्य नव्हते, हा सातव्या शतकापासूनचा दाखलाही या दृष्टीने सुसंगत ठरतो.

हा विजय विचाराचा होता आणि त्याची किंमत माणसांनी मोजली. सम्राट थिओफिलसच्या काळात थिओडोर आणि थिओफानीस या दोन साधुबंधूंच्या कपाळांवर त्यांची निंदा करणाऱ्या ओळी गोंदवण्यात आल्या, आणि लाझारोस या चित्रकाराचे तळहात तापलेल्या लोखंडाने डागण्यात आले, तरी त्याने रंगवणे सोडले नाही, असे परंपरा सांगते. थिओफिलसच्या मृत्यूनंतर त्याची विधवा थिओडोरा हिने मार्च ८४३ मध्ये चित्रवंदन कायमचे पुनःस्थापित केले. आयकॉन घडवण्याची जी रीत पुढे रूढ झाली तीत या सिद्धांताची छाप उघड दिसते. फळीवर कापड चिकटवून त्यावर सरस आणि खडूचे लेप घासून गुळगुळीत करतात, प्रभावळीला सोन्याचा वर्ख लावतात, आणि अंड्याच्या बलकात कालवलेल्या रंगांनी चेहरा रंगवतात तो आधी गडद हिरवट-तपकिरी थर देऊन आणि मग टप्प्याटप्प्याने उजळ करीत. शेवटी नाव लिहितात. नावाशिवाय चित्र पुरे होत नाही, कारण ते कोणाशी संबंधित आहे हे नावानेच पक्के होते. चारही बाजूंनी फिरून पाहता येईल अशी शिल्पमूर्ती मात्र ग्रीक चर्चने पुन्हा जवळ केली नाही. फिडियसचा वारसा हाताने सोडून दिला गेला आणि त्याच्या बाजूने झालेला युक्तिवाद ठेवून घेतला गेला.

सिद्धांत कितीही काटेकोर असला तरी भक्ताचा हात तो पाळतोच असे नाही. सम्राट मायकेल दुसरा याने ८२४ मध्ये पश्चिमेच्या राजाला लिहिलेल्या पत्रात तक्रार आहे की काही लोक चित्रांवरचा रंग खरवडून प्रभुभोजनाच्या द्राक्षारसात मिसळतात. स्टुडियसच्या थिओडोरने स्वतः एका सरदाराचे पत्राने अभिनंदन केले आहे, कारण त्याने आपल्या मुलाच्या बाप्तिस्म्याला धर्मपिता म्हणून संत दिमित्रिओसचे चित्र उभे केले होते. प्रतिमा म्हणजे निव्वळ संबंध असे तर्काने सांगणाऱ्या माणसाला त्या चित्रात प्रत्यक्ष संत हजर दिसला. टिनोस बेटावर १८२३ मध्ये, ग्रीक स्वातंत्र्ययुद्ध चालू असताना, पेलागिया या जोगिणीला झालेल्या दृष्टान्तानुसार खोदकाम होऊन मेरीचे चित्र सापडले, आणि आजही १५ ऑगस्टच्या यात्रेत कित्येक जण बंदरापासून चर्चपर्यंतचा चढ गुडघ्यांवर रांगत चढतात व नवस फेडताना डोळा, पाय, जहाज अशा आकारांचे धातूचे पत्रे वाहतात. कोरिंथच्या अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरात इ.स.पू. काळात वाहिलेले मातीचे हात, पाय आणि कान तिथल्या संग्रहालयात पाहिले म्हणजे डिओने वर्णिलेली ओढ कोणत्याही परिषदेपेक्षा जुनी आणि चिवट आहे हे मान्य करावे लागते.

प्रतिमा म्हणजे संबंध, पदार्थ नव्हे, या सिद्धांताची खरी कसोटी लागली ती ८४३ च्या विजयानंतर सुमारे अडीच शतकांनी, आणि ती पैशाच्या प्रश्नावर. १०८० च्या दशकात नॉर्मन आक्रमणाला तोंड देण्यासाठी सम्राट ॲलेक्सियस कोम्निनोसने चर्चमधील सोन्याचांदीच्या वस्तू वितळवल्या आणि त्यांत पवित्र आकृती असलेले पत्रेही गेले. कॅल्सेडॉनचा धर्माध्यक्ष लिओ याने निषेध केला : ज्या धातूवर ख्रिस्ताचे रूप उमटले तो धातूही पवित्र झाला, त्याला मुशीत घालणे हे चित्रविरोधकांचेच कृत्य होय. पेरिक्लीसने ज्या देवीच्या अंगावरचे सोने निःशंकपणे हिशोबात धरले तिच्या नगराला हा आक्षेप समजलाही नसता. लिओचा आक्षेप समजतो, कारण मधल्या काळात प्रतिमेसाठी माणसांनी हात भाजून घेतले होते. सम्राटाच्या बाजूने उभा राहिला तो नायसियाचा युस्ट्रेशियस, आणि त्याने निकेफोरसच्याच धर्तीवर सिद्ध केले की पूज्यता रूपाला आहे, धातूला नाही, म्हणून रूप मोडल्यावर उरलेला धातू केवळ धातू आहे. तर्क निर्दोष होता, तरी लिओच्या विरोधात जी वेदना होती तिला तो उत्तर देत नव्हता, आणि या एका बाबतीत लिओचेच दुःख अधिक खरे वाटते.

युस्ट्रेशियस हा योहान इटालोस या तत्त्वज्ञाचा शिष्य. ८४३ चा विजय साजरा करण्यासाठी महाउपवासाच्या पहिल्या रविवारी जी घोषणा चर्चमध्ये वाचली जाई तिला १०८२ मध्ये इटालोसविरुद्धची शापवचने जोडण्यात आली. प्राचीन ग्रीकांची विद्या केवळ बुद्धीच्या शिक्षणासाठी न शिकता तिच्यातील मते खरी मानणाऱ्यांवर, आणि प्लेटोची आदिरूपे सत्य समजणाऱ्यांवर, त्याच घोषणेत बहिष्कार आहे जिच्यात चित्रांचा जयजयकार आहे. पुढे १११७ मध्ये युस्ट्रेशियसवरही ठपका आला, आणि त्याच्या नावावर लावलेल्या मतांपैकी एक असे होते की ख्रिस्त स्वतः ॲरिस्टॉटलच्या अनुमानपद्धतीने युक्तिवाद करतो. चित्रांच्या बाजूने ज्या शास्त्राने लढाई जिंकून दिली त्याच शास्त्राच्या अतिरेकासाठी त्याला पदावरून दूर केले गेले. ॲरिस्टॉटलच्या नीतिशास्त्रावर त्याने लिहिलेले भाष्य तेराव्या शतकात रॉबर्ट ग्रोसटेस्ट या इंग्लिश बिशपाने लॅटिनमध्ये आणले, आणि अल्बर्ट द ग्रेट व थॉमस अक्वायनस यांच्या हाती ॲरिस्टॉटलचे नीतिशास्त्र पडले ते या भाष्यासह.